टाइप २२४ : पहिलं, पडेल स्पिटफायर

उडाणटप्पू (धागालेखक)

मागच्या विमानांच्या धाग्यावर खडूस_सदाशिव म्हणाले होते की सुपरमरीन कंपनीच्या डिझायनर मिचेलने स्पिटफायर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं गाजलेलं ब्रिटिश लढाऊ विमान, एका फटक्यात काढलं, कागदावर रेघ मारली आणि झालं. तेव्हा बोललो नाही, कारण टंकायचा कंटाळा आला होता. पण गेल्या महिन्यात एका लग्नासाठी दिल्लीला गेलो तेव्हा पालमचं हवाई दलाचं म्युझियम बघून आलो, तिथे स्पिटफायरच्या पंखाजवळ पंधरा मिनिटं उभा राहिलो आणि तेव्हाच ठरवलं की घरी गेलो की हा धागा काढायचा. तर सदाशिवराव, नाही हो. एका फटक्यात नाही. आधी एक फटका वाया गेला होता. त्या विमानाचं नाव सुपरमरीन टाइप २२४, एकच बनलं, नंबर के२८९०, आणि गंमत म्हणजे कंपनीत त्यालाच आधी 'स्पिटफायर' म्हणायला लागले होते.

गोष्ट अशी की १९३१ च्या ऑक्टोबरात ब्रिटनच्या हवाई मंत्रालयाने एफ.७/३० नावाची मागणी काढली. तेव्हा त्यांच्याकडे ब्रिस्टल बुलडॉग होतं, दोन पंखांचं, दोन मशीनगन, वेग ताशी १७४ मैल. आता हवं होतं ताशी २५० मैल (म्हणजे ४०० किमी), चार मशीनगन, दिवसा पण लढणार आणि रात्री पण, वैमानिकाला सगळीकडचं दिसलं पाहिजे, चढलं भराभर पाहिजे आणि उतरताना मात्र हळू उतरलं पाहिजे कारण रात्री छोट्याशा गवताच्या मैदानावर उतरायचंय. मुलगी बघायला गेल्यावर काही लोक जशी यादी काढतात तशी यादी. वर आणि इंजिन रोल्स रॉईसचं गोशॉक असलं तर बरं, अशी मंत्रालयाची आवड. कागदावर सक्ती नव्हती, पण साहेबांची आवड म्हणजे काय असते ते आपल्याला माहितीये.

गोशॉकची खासियत म्हणजे त्याचं कुलिंग वाफेवर. साध्या इंजिनात पाणी गरम होतं, रेडिएटरमध्ये थंड होतं, परत येतं. गोशॉकमध्ये पाणी दाबाखाली ठेवायचे म्हणजे ते शंभर डिग्रीच्या वर गेलं तरी उकळत नाही, मग इंजिनातून बाहेर पडल्यावर दाब कमी झाला की त्यातल्या काही पाण्याची वाफ होते, ती वाफ पंखाच्या पुढच्या कडेत सोडायची, तिथे बाहेरच्या वाऱ्याने तिचं परत पाणी होणार आणि ते पाणी पंपाने वर इंजिनाकडे. फायदा काय? एक किलो पाणी सत्तरवरून शंभर डिग्रीला नेलं तर फक्त तीस किलोकॅलरी उष्णता उचलतं, त्याच पाण्याची वाफ केली तर पाचशे चाळीस. म्हणजे पाणी थोडं पुरतं, आणि वाऱ्यात लोंबणारा रेडिएटरचा डबा गायब. कागदावर एकदम झकास.

आता मिचेलने काय केलं बघा. पंख एकच ठेवला, दुपंखी नाही, हे त्या काळात धाडसाचं. समोरून बघितलं तर पंख पसरट डब्ल्यूसारखा, अंगापासून आधी खाली उतरतो आणि मग वर जातो. जिथे तो सगळ्यात खाली येतो तिथे चाकं लावली, त्यामुळे चाकाचा पाय आखूड झाला. चाकं आत जात नव्हती, त्यांना पत्र्याची भलीमोठी आवरणं, ब्रिटिश त्याला ट्राउझर म्हणतात, मला मात्र ती सुरवार वाटते. आणि पंखात तयार झालेलं पाणी उताराने आपोआप कुठे जाणार? सगळ्यात खाली. म्हणजे त्या सुरवारीत. म्हणून पाण्याच्या टाक्या तिथेच ठेवल्या. मला हे डिझाइन म्हणून फार आवडतं, एका वाकण्यात तीन कामं. पण हीच गाठ नंतर सुटेना.

१९ फेब्रुवारी १९३४ ला इस्टलीहून चाचणी वैमानिक मट समर्सने ते पहिल्यांदा उडवलं. वेग निघाला ताशी २२८ मैल. पंधरा हजार फूट चढायला साडेनऊ मिनिटं. आणि चढताना इंजिन तापलं की कॉकपिटमध्ये लाल दिवे लागायचे, मग वैमानिकाने थ्रॉटल मागे घ्यायचा, सरळ उडायचं, थंड झालं की परत चढायचं. लढाऊ विमान! शत्रूला सांगायचं, थांब रे बाबा जरा, पाणी निवू दे.

शेवटी ती ऑर्डर गेली ग्लॉस्टरच्या ग्लॅडिएटरला, तेही दुपंखी, साधं हवेवर थंड होणारं मर्क्युरी इंजिन.

माझं म्हणणं एवढंच आहे की २२४ हे वाईट डिझायनरचं विमान नव्हतं, तो घाबरलेल्या डिझायनरचा नमुना होता. एक सावधपणा केला की त्याच्यापायी दुसरा करावा लागतो, तसं झालं. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

खडूस_सदाशिव

माझ्या नावाने धागा निघाला, धन्य झालो. चूक मान्य, पण मग सरळ म्हणा ना की सरकारी खात्याने वाट लावली. साहेबांनी गोशॉक म्हटलं, यांनी गोशॉक लावलं, बुडालं. यात मिचेल कुठे घाबरला? तो फक्त आज्ञाधारक होता.

मैथिली_स

मस्त लिहिलंय. मला विमानातलं ओ की ठो कळत नाही तरी शेवटपर्यंत वाचलं. एक बावळट प्रश्न आहे. याच मिचेलने १९३१ ला ताशी ४०७ मैलांचं विमान केलं होतं ना, ते पाण्यावर उतरणाऱ्या विमानांच्या श्नायडर शर्यतीवालं? मग तीन वर्षांनी २२८ कसं काय? माणूस विसरला का सगळं?

अर्धवट_इंजिनियर

@मैथिली, बावळट अजिबात नाही, हाच खरा प्रश्न आहे. ते एस.६बी. त्यात रोल्स रॉईसचं 'आर' इंजिन होतं, २३०० अश्वशक्तीच्या वर, आणि ते शर्यतीपुरतं, काही तास चाललं की खोलायचं. गोशॉक सहाशेच्या आसपास. चौथ्या भागाची ताकद. शिवाय एस.६बी पाण्यावर उतरायचं, समोर अख्खा समुद्र धावपट्टी म्हणून, त्यामुळे पंख छोटा ठेवला तरी चालायचं, उतरण्याचा वेग कितीही असू दे. २२४ ला रात्री गवतावर हळू उतरायचंय म्हणून पंख मोठा. आकडे बघा, २२४ च्या पंखांची लांबी टोकापासून टोकापर्यंत ४५ फूट १० इंच, स्पिटफायरची ३६ फूट १० इंच. बरोबर नऊ फूट जास्त! क्षेत्रफळ २९५ चौरस फूट विरुद्ध २४२. एका वैमानिकाचं विमान आणि पंख असा की खाली अख्ख्या वऱ्हाडाची पंगत बसेल.

म्हणून सदाशिवराव, दोष इंजिनाचा आहेच पण सगळा नाही. पंख नुसता मोठा नव्हता, जाडही होता, आणि साहेबांनी पंख जाड करा असं कुठे सांगितलं होतं?

खडूस_सदाशिव

हळू उतरायला साहेबांनीच सांगितलं होतं की. त्यासाठीच मोठा पंख. फिरून गाडी मंत्रालयावरच.

उडाणटप्पू

मोठा हो, पण जाड का? इथेच माझा 'घाबरलेला' शब्द येतो. १९२५ साली मिचेलचं एस.४ नावाचं शर्यतीचं विमान होतं, एकपंखी, कुठेही ताणाच्या तारा नाहीत, दिसायला दहा वर्षं पुढचं. अमेरिकेत बाल्टिमोरला शर्यतीच्या आधीच्या चाचणीत ते पाण्यात पडलं. वैमानिक बियार्ड वाचला. पंख फडफडल्याचा संशय होता, म्हणजे वेगात पंखाला थरथर सुटते आणि ती वाढतच जाते. त्यानंतर मिचेलने एस.५ ला गपचूप तारा लावल्या. दुधाने तोंड पोळलं. आता लढाऊ विमानात तारा नको म्हटल्यावर ताठपणा आणायचा कुठून? जाडीतून. जाड पंख वळत नाही, थरथरत नाही. पण हवा पण कापत नाही.

चाकं आत घ्यायचं तंत्र तोपर्यंत आलेलं होतं, तेही नाही घेतलं. कारण परत तेच, वजन वाढेल, बिघडेल, शिवाय टाक्या त्या सुरवारीतच, त्यांचं काय करणार. बघा गाठ कशी बसत गेली. आणि एक गोष्ट वर लिहायची राहिली, १९३३ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे हे विमान बनत असताना, मिचेलचं कॅन्सरचं मोठं ऑपरेशन झालं. तो परत कामावर आला. त्यावरून काही सिद्ध करायचं नाही मला, नुसतं सांगतोय.

बॉयलरबाबा

नमस्कार मंडळी. मी विमानातला नाही, साखर कारखान्यात बॉयलरवर एकतीस गळीत हंगाम काढले, आता रिटायर. हा धागा नातवाने दाखवला. लाल दिवे का लागायचे ते मी सांगतो कारण तो दिवा आमच्याकडे पण लागायचा, फक्त आमच्याकडे दिव्याच्या जागी साहेबाचा फोन यायचा.

गरम पाणी पंपाने ओढणं ही जगातली सगळ्यात चिडकी गोष्ट आहे. वाफेचं पाणी झालं तरी ते उकळायच्या काठावरच असतं, नव्वद पंच्याण्णव डिग्री. पंप चालू झाला की त्याच्या तोंडाशी दाब जरासा पडतो, तो पडला की त्या काठावरच्या पाण्याची तिथल्या तिथे परत वाफ. आणि पंपाला पाणी ढकलता येतं, वाफ ढकलता येत नाही. आम्ही म्हणतो पंपाने वाफ धरली. आवाज बदलतो, पंपात कोणी खडे टाकल्यासारखा कडकड वाजतो, प्रेशरचा काटा नाचायला लागतो, आणि तिकडे बॉयलरच्या काचनळीतली पाण्याची पातळी खाली खाली. पहिल्या हंगामात रात्री अडीच वाजता मी तो काटा नाचताना बघितला आणि घाबरून पंपावर ओली पोती टाकली होती थंड करायला. फोरमनने आधी पोती काढायला लावली आणि मग शिव्या दिल्या, ओतीव लोखंड आहे, तडकलं असतं.

यावर उपाय एकच, टाकी उंचावर आणि पंप खाली. आमच्या कारखान्यात गरम पाण्याची टाकी दीड मजला वर होती, पाणी स्वतःच्या वजनाने पंपात घुसायचं, मग वाफ व्हायला फुरसत नाही. आता तुमच्या या विमानात टाकी कुठे? चाकाच्या आवरणात, म्हणजे सगळ्यात तळाला. तिच्याखाली पंपाला उंची कुठून देणार, जमिनीत खड्डा खणून? आणि त्यात विमान वर चढतंय. महाबळेश्वरला पाणी पंच्याण्णव शहाण्णवला उकळतं, पंधरा हजार फुटावर पंच्याऐंशीच्या आसपास. म्हणजे जितकं वर जाल तितकं पाणी लवकर उकळणार. जे पाणी जमिनीवर गुपचूप पंपात गेलं असतं ते वर गेल्यावर वाफ होऊनच येणार. पंपाचा काय दोष त्यात. डिझाइन करणाऱ्याने एक हंगाम बॉयलरवर काढायला हवा होता.

अर्धवट_इंजिनियर

बाबा, साष्टांग. चार वर्षं इंजिनियरिंगला हे 'नेट पॉझिटिव्ह सक्शन हेड' म्हणून शिकलो आणि आज कळलं.

त्यात भर म्हणजे जास्तीची वाफ पंखांच्या टोकांतून बाहेर जायची. म्हणजे विमान चढताना दोन्हीकडून वाफ सोडत चाललंय. आणि लढाईत पंखाच्या पुढच्या कडेला एक गोळी लागली तर कुलिंगच खलास, तो प्रश्न वेगळाच.

मैथिली_स

बाबा, पोत्यांची गोष्ट वाचून मोठ्याने हसले, ऑफिसात सगळे बघायला लागले. म्हणजे माझ्या भाषेत सांगायचं तर हे उडता प्रेशर कुकर होता आणि शिट्टी पंखाच्या टोकाला. बरोबर?

बॉयलरबाबा

बरोबर ताई. फक्त कुकरमधलं पाणी संपलं तर डाळ करपते, इथे इंजिन.

खडूस_सदाशिव

बाबांसमोर माझं काही चालत नाही. तरी शेवटचा मुद्दा. बाकीच्यांचं काय झालं ते सांगा. मंत्रालयाच्या आवडीचं इंजिन लावणारे सगळेच बुडाले असतील तर माझं म्हणणं खरं.

उडाणटप्पू

हा घ्या, यात तुमचं पारडं जड आहे हे कबूल. वेस्टलँडने गोशॉक लावून एक दुपंखी केलं, त्यात इंजिन वैमानिकाच्या पाठीमागे आणि पंखा पुढे, मधून लांब दांडा. दिसायचं उत्तम, वेग ताशी १८५ मैल. जुन्या बुलडॉगपेक्षा अकरा मैल जास्त, एवढा खटाटोप करून. ब्लॅकबर्नचं तर धड जमिनीवरून सुटलंच नाही, नुसतं मैदानात पळवलं, अंग वरच्या पंखाला चिकटलेलं आणि खालचा पंख मोकळा, बघितलं तर वाटतं कोणीतरी भाग उलटे जोडले. हॉकरने पण गोशॉक लावून एक केलं, तेही तसंच राहिलं. ब्रिस्टलने शहाणपणा करून एक एकपंखी विमान स्वतःच्या मर्क्युरी इंजिनावर केलं, चाकं आत जाणारं, ते खरं आशेचं होतं, पण १९३५ च्या मार्चमध्ये गिरकीत सापडून पडलं. वैमानिक पॅराशूटने उतरला, विमान गेलं. दुसरं नव्हतंच.

जिंकलं कोण तर ग्लॉस्टर, ज्यांनी साहेबांची आवड बाजूला ठेवून आपल्या जुन्या गाँटलेटला सुधारलं. पंधरा हजार फूट सहा मिनिटांच्या आसपास, २२४ ला साडेनऊ. तुम्हीच सांगा, तुम्ही कुठलं घेतलं असतं?

पण मंत्रालयाला सगळे जोडे मारू नका. कारण पुढे काय झालं ते. मिचेलला १९३४ च्या उन्हाळ्यापर्यंत कळून चुकलं होतं की हे होत नाही. त्याने सुधारणा सुचवली, छोटा पंख, चाकं आत, बंद कॉकपिट, इंजिन तेच. त्यातून टाइप ३०० नावाचा कागद. मग त्या वर्षाच्या शेवटी गोशॉक काढून रोल्स रॉईसचं नवीन पीव्ही-१२ आलं, ज्याला आपण मर्लिन म्हणतो, आणि १ डिसेंबर १९३४ ला त्याच मंत्रालयाने दहा हजार पौंड दिले. ज्या माणसाचं विमान दहा महिन्यांपूर्वी वाफ सोडत होतं त्याला. आपल्याकडे एकदा टेंडर हुकलं की ब्लॅकलिस्ट करतात.

आणि जाड पंखाची भीती कोणी घालवली? कॅनडाचा बेव्हर्ली शेनस्टोन म्हणून पोरगा होता सुपरमरीनमध्ये, आधी जर्मनीत काम करून आलेला. त्याचा आणि मिचेलचा कल हाच झाला की पंख जितका पातळ करता येईल तितका करायचा. मग पातळ पण करायचा आणि बुडाशी बंदुका आणि चाकं मावायला रुंद पण हवा, त्यातून तो लंबगोल आकार. पालमला मी जिथे उभा होतो ना, तिथून पंखाची कड बघितली, इतकी पातळ की यात मशीनगन कुठे बसते हेच कळत नाही.

वाफेचं कुलिंगही गेलं. ग्लायकॉल आलं, ते बऱ्याच जास्त तापमानाला उकळतं म्हणजे पंपाची कटकटच मिटली. बाबा, तुमच्या कारखान्यात ग्लायकॉल भरलं असतं तर?

बॉयलरबाबा

तर साखर कोणी खाल्ली नसती.

नानबा

उशिरा आलो. नावाची भानगड कोणी सांगितली नाही अजून. व्हिकर्सचे चेअरमन सर रॉबर्ट मॅकलीन, सुपरमरीन त्यांच्याच ताब्यात. त्यांची मुलगी आगाऊ, तिला ते 'लिटल स्पिटफायर' म्हणायचे म्हणून विमानाला ते नाव, असं सांगतात. भडकू, तडतडी पोरगी असा अर्थ. मराठीत म्हणायचं तर लवंगी मिरची. मिचेलला ते नाव अजिबात आवडलं नव्हतं म्हणे, असलीच फालतू नावं त्यांना सुचणार म्हणाला. आणि ते नाव आधी ज्याला चिकटवलं ते हे वाफाळ २२४.

अवांतर: आपल्याकडचा एक धागा. पुढे जे खरं स्पिटफायर झालं ते ब्रिटिश हवाई दलाच्या ज्या स्क्वाड्रन उडवायच्या त्यात एक १३२ नंबरची 'सिटी ऑफ बॉम्बे' होती आणि एक १२४ नंबरची 'बडोदा'. इथल्या वर्गणीवर आणि गायकवाड सरकारच्या देणगीवर दिलेली नावं. म्हणजे लवंगी मिरचीला मराठी मुलखाचाही पैसा लागलाय.

मैथिली_स

अरे वा, हे माहीतच नव्हतं. माझं माहेर बडोद्याचं, आईला फोन करून सांगते. आणि त्या एकुलत्या एक २२४ चं शेवटी काय झालं? कुठे ठेवलंय का?

उडाणटप्पू

नाही ताई. काही दिवस सरकारी चाचणी केंद्रांत फिरलं, फार्नबरो, मार्टलशम हीथ. मग १९३७ साली ऑर्फर्डनेसला समुद्रकाठच्या गोळीबाराच्या मैदानात नेऊन उभं केलं आणि निशाणा म्हणून त्याच्यावर गोळ्या झाडल्या. त्याच वर्षी ११ जूनला मिचेल गेला, बेचाळीस वर्षांचा. स्पिटफायर पहिल्यांदा ५ मार्च १९३६ ला उडालं ते त्याने बघितलं, ३१० विमानांची ऑर्डर आलेली बघितली, पण स्क्वाड्रनला विमान पोचलं १९३८ च्या ऑगस्टमध्ये.

खडूस_सदाशिव

ठीक. माझं विधान मागे घेतो, दोन फटक्यांत काढलं. पण पहिला फटका साहेबांच्या हाताला धरून मारला होता, यावर मी ठाम आहे.

अर्धवट_इंजिनियर

मी बाल्साचं २२४ करायला घेतोय, घरी सगळ्यांना सांगून झालंय त्यामुळे आता मागे फिरता येत नाही. सुरवार करणं सगळ्यात अवघड जाणार, दोन्ही सारख्या यायला पाहिजेत. कोणाकडे समोरून काढलेला स्वच्छ फोटो आहे का?

उडाणटप्पू

आहे, व्यक्तिगत निरोपात पाठवतो. आणि पंखाची जाडी कमी करू नका हं मोह झाला तरी.

बॉयलरबाबा

त्यात पाणी भरणार असाल तर मला आधी सांगा.